खिडकीकडची तडतड

३ जुलै

मामा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. खोडलेलं दिसावं म्हणूनच कागद बदलला नाही.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, भरल्या दुकानात तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हिने व्हॉल्व्ह पळवले." समोर दातांचे डॉक्टर होते. शिंपी त्याचा रेडिओ न्यायला आला होता. आणि टेपरेकॉर्डर घेऊन आलेल्या एक उंच बाई होत्या, त्यांना तर मी पहिल्यांदाच पाहत होते. चौदा वर्षं मी तुमच्या टेबलाशी उभी राहिले. या चौदा वर्षांत तुमच्या दुकानातला एक स्क्रूसुद्धा माझ्या पिशवीतून घरी गेला नाही. डॉक्टरांचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन आठ दिवसांत परत आला, त्यातून आवाज येतो म्हणाले, तर त्याची पिन भिंतीत खोचायच्या आधीच तुम्ही निकाल देऊन मोकळे! मी हातातला पाना खाली ठेवला आणि निघाले. माझं गप्प राहणं म्हणजे कबुली, असं तुम्ही धरून चालला असाल. ती कबुली नव्हती. मी तोंड उघडलं असतं तर तुमच्या दुकानाच्या काचा राहिल्या नसत्या.

आता कामाचं. इथल्या नाट्यगृहात ध्वनी विभागात जागा आहे. त्यांचे अॅम्प्लिफायर जुने, व्हॉल्व्हचे, आणि ते सांभाळणारं कोणी उरलेलं नाही. मला घ्यायला ते तयार आहेत. पण सुट्या व्हॉल्व्हच्या कपाटाची किल्ली त्या माणसाकडे राहते, म्हणून आधीच्या मालकाचं पत्र मागतात. काम कसं आहे, आणि माणूस प्रामाणिक आहे का. पाच ऑगस्टच्या आत.

आधीचे मालक तुम्ही. दया म्हणून पत्र नको. तपास करा आणि मग लिहा. आवाजाला नाव दिल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग सांगा, नाव काय त्याचं? एकसारखा घूं असेल तर व्हॉल्व्हकडे बघायचं नंतर, वीज शुद्ध करणारा भाग आधी तपासायचा. काचेवर टिचकी मारल्यावर घंटेसारखा टण्ण वाजत असेल तर व्हॉल्व्हच्या आतल्या जाळ्या सैल झाल्यात. तडतड असेल तर गोष्ट आणखी वेगळी. कुठला आवाज आहे, कुठल्या बाजूला आहे, किती वेळाने सुरू होतो? हे तीन प्रश्न त्या शनिवारी विचारायला तुम्हाला दोन मिनिटं लागली असती.

तुमची भाची


८ जुलै

पोरी,

'तीर्थरूप' खोडलंस ते बरं केलंस. तुझ्या अक्षरात ते 'तीर्थकूप' वाचलं जात होतं.

एकेचाळीस वर्षं मी या आवाजांत घालवली. तू पाळण्यात होतीस तेव्हा मी व्हॉल्व्ह ऐकून सांगायचो की हा अजून सहा महिने चालेल. आणि आता तू मला प्रश्नपत्रिका पाठवतेस! आईवर गेलीस. माझी थोरली बहीण ती, तीही अशीच, भांडण संपलं की तिथून सुरुवात करायची.

तर घे उत्तरं. आवाज तडतडीचा आहे, वाळका कागद मुठीत चुरगळावा तसा. सुरू केल्यावर दहा मिनिटं गप्प, यंत्र तापलं की सुरू. टेबलावर लावून ऐकला. खिडकीकडच्या बाजूला आहे, दाराकडची बाजू स्वच्छ. खिडकीकडच्या छोट्या व्हॉल्व्हला पेन्सिल लावली की वाढतो.

आणि आता पुरावा. त्या व्हॉल्व्हांवर कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरांत होतं. डॉक्टर ते घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचे. आता सगळ्या काचा कोऱ्या. नाव असलेले गेले, बिननावाचे आले. यंत्र तू उघडलंस, तूच बंद केलंस. मग मी बोट कोणाकडे दाखवायचं होतं? शिंप्याकडे?

डॉक्टर यंत्र परत घेऊन गेले. म्हणाले, तुमच्याकडे ठेवलं तर उरलेलंही गायब व्हायचं. माझ्या तोंडावर म्हणाले. हे ऐकायची वेळ तू आणलीस. वर तुझी मामी माझ्याशी बोलत नाही. ताट पुढ्यात आपटते आणि निघून जाते.

पत्र मिळणार नाही.

मामा


११ जुलै

मामा,

"तूच बंद केलंस." हे वाक्य लिहिताना पेन अडखळलं नाही तुमचं?

तुमचा 'शेवटचा हात' फिरल्याशिवाय त्या दुकानातून एकही यंत्र बाहेर पडलेलं नाही. मी तीन-तीन दिवस वाकून काम करायचं, वर 'तयार' अशी चिठ्ठी लावायची. मग गिऱ्हाईक येण्याच्या अर्धा तास आधी तुम्ही झाकण काढणार, स्पिरिटचं फडकं सगळीकडून फिरवणार, एकेक व्हॉल्व्ह अंगठ्याने खाली दाबणार, झाकण लावणार आणि गिऱ्हाइकाला सांगणार, "मी स्वतः पाहिलंय." गिऱ्हाईक तुम्हाला हात जोडून जाणार. मी मागे उभी. चौदा वर्षं हे चाललं आणि मी चालू दिलं, हा माझा दोष मी मान्य करते. पुस्तकांत राजांनी बांधलेल्या इमारतींबद्दल वाचते तेव्हा मला हटकून तुमचा अंगठा आठवतो. दगड कोणी उचलले ते कुठे लिहिलेलं नसतं. पण इमारत पडली की मात्र गवंड्याचं नाव पहिल्या ओळीत असतं! यश मालकाचं आणि बिघाड कामगाराचा, ही वाटणी मला मंजूर नाही. तुमच्या दुकानात नाही आणि जगात कुठेच नाही.

आता तुमचा पुरावा. व्हॉल्व्हवरची ती पांढरी अक्षरं नुसती वर बसलेली असतात. स्पिरिटचं फडकं एकदा फिरलं की साफ. म्हणून मी त्यांना बोटही लावत नाही, काचेला खालून धरते. फडकं कोणाच्या हातात होतं?

दोन गोष्टी करा. एक, काचेच्या तळाशी बारीक अंक कोरलेले असतात, ते पुसले जात नाहीत. निळ्या फायलीत डॉक्टरांच्या कामाची चिठ्ठी आहे. यंत्र पहिल्यांदा उघडलं त्याच दिवशी चिठ्ठीच्या मागे मी सगळ्या व्हॉल्व्हांचे अंक लिहून ठेवलेत. जुळवून बघा. जुळले तर चोरी झालेलीच नाही.

दोन, अदलाबदल. यंत्र बंद करून थंड होऊ द्या आणि दोन्ही बाजूंचे छोटे व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी बसवा. तडतड व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर व्हॉल्व्ह खराब. तिथेच राहिली तर व्हॉल्व्ह निर्दोष, जागा खराब.

पंचवीस दिवस राहिलेत.

भाची


१६ जुलै

बाईसाहेब,

केली तुमची अदलाबदल. आता बसा आणि वाचा.

डॉक्टरांच्या घरी गेलो. यंत्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीला लागून. मी मागच्या बाजूने भिंत आणि यंत्र यांच्या फटीत शिरलो. या वयात! डॉक्टर समोर त्यांच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून. व्हॉल्व्ह इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. सुरू केलं. दहा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. ते माझे दात बघत होते असं मला सारखं वाटत होतं. मग तडतड सुरू झाली.

मी विचारलं, "कुठून येतोय आता?"

"उजवीकडून."

"नक्की?"

"अहो, ऐकणं हाच तर माझा छंद आहे. उजवीकडून."

उजवीकडून! आपल्या टेबलाशी उभं राहिलं की खिडकी डाव्या हाताला, दार उजव्या. तडतड खिडकीकडे होती, ती आता दाराकडे गेली. व्हॉल्व्हबरोबर गेली. नियम तुझा, चाचणी तुझी. व्हॉल्व्ह खराब, आणि डॉक्टरांचे मूळचे व्हॉल्व्ह खराब असणं शक्य नाही, कारण त्यांनी ते जिवापाड जपले होते. यावर तुझ्या इमारती आणि गवंडी काय म्हणतात?

स्पिरिटने मी पुसतो, हे खरं आहे. मळकट यंत्र माझ्या दुकानातून जात नाही. स्वच्छता हा गुन्हा ठरत असेल तर मला फाशी द्या. पण शेवटचा हात फिरवायचा हक्क ज्याने दुकान उभं केलं त्याचा. तू आलीस तेव्हा तुला बॅटरी कुठल्या बाजूने बसवायची ते माहीत नव्हतं.

मामी आता बोलायला लागली आहे. बोलत नव्हती तेच बरं होतं.

मामा


१९ जुलै

मामा,

पत्र वाचून मी हसले. इतक्या रागात माणूस हसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आपल्या दुकानात डावं-उजवं हे शब्दच नाहीत. चौदा वर्षं आपण 'खिडकीकडचं' आणि 'दाराकडचं' म्हणत आलो. टेबलाच्या मागे आपण उभे, यंत्राची पाठ आपल्याकडे, सगळं आपल्या बाजूने ठरलेलं. डॉक्टरांच्या घरी तुम्हाला खिडकी मिळाली नाही, दार मिळालं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही डावं-उजवं बोललात. पण बोलले ते डॉक्टर! ते समोर बसले होते. तुम्ही मागे. त्यांचं तोंड तुमच्याकडे, तुमचं त्यांच्याकडे. मामीला समोर उभं करा आणि दोघं उजवा हात वर करा. बघा कुठे जातात ते हात.

डॉक्टरांचं उजवं म्हणजे तुमचं डावं. तुमचं डावं म्हणजे खिडकीकडचं. तडतड जागची हललेलीच नाही! व्हॉल्व्ह तिकडे गेला आणि आवाज तिथेच बसून राहिला. व्हॉल्व्ह निर्दोष आहे.

याला मी चूक म्हणून सोडून देईन. चूक कोणाचीही होते. पण अंकांचं काय? फटीत कसे शिरलात ते लिहिलंत, डॉक्टरांचे पाय लिहिलेत, स्वतःचे दात लिहिलेत. अंकांबद्दल अक्षर नाही. चिठ्ठी सापडली नाही असंही लिहिलेलं नाही. सापडली नसती तर तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलं असतं, मी ओळखते तुम्हाला. म्हणजे चिठ्ठी सापडली, अंक जुळले, आणि तुम्ही गप्प बसलात.

आता खिडकीकडच्या छोट्या व्हॉल्व्हचं सॉकेट खालून उघडा. त्या यंत्रात सॉकेट सर्किटच्या पातळ पट्टीवर सोल्डर केलेलं आहे, खालून आधार नाही. वरून जोर दिला की सोल्डरच्या जोडाला केसाएवढी चीर पडते. थंड असताना ती मिटलेली असते. तापली की उघडते, आणि तडतड. म्हणूनच दहा मिनिटं शांतता. मी काम संपवलं तेव्हा यंत्र सलग चार तास वाजवून पाहिलं होतं, तेही चिठ्ठीवर आहे. त्यानंतर त्या व्हॉल्व्हांना एकच अंगठा लागला.

भिंग घेऊन बघा. आणि जे दिसेल ते लिहा. सगळं.

भाची


२३ जुलै

पोरी,

चीर आहे. एका जोडाभोवती गोल, भिंगातूनच दिसते. जोड नवीन केला. यंत्र डॉक्टरांकडे सलग पाच तास वाजलं. चकार आवाज नाही. डॉक्टर खूश.

मामीला समोर उभं करून हात वर केले. तिने वर विचारलं, आता उठाबशाही काढायच्या का?

अंक जुळले होते. अदलाबदल केली त्याच दिवशी पाहिले. लिहायचं राहून गेलं.

डॉक्टरांना मी सांगितलं की यंत्र जुनं आहे, जोड सैल झाला होता, अक्षरं कालांतराने जातातच, थोडा गैरसमज झाला. त्यांनी ऐकून घेतलं. विषय संपला आहे. तूही संपव. नाट्यगृहासाठी पत्र सोबत जोडलं आहे. 'कामात तरबेज, वक्तशीर, चौदा वर्षांचा अनुभव.' यापेक्षा चांगलं पत्र मी कोणाला दिलेलं नाही. खरं म्हणजे कोणालाच दिलेलं नाही.

आणि तिकडे परक्या गावात राहायची गरज काय? तुझं टेबल तसंच आहे. घरातल्या गोष्टी घरात राहाव्यात. झालं गेलं सोडून दे.

मामा


२६ जुलै

मामा,

तुमचं पत्र परत पाठवते आहे. न फाडता पाठवायला मला बरेच कष्ट पडले.

नाट्यगृहाने दोन गोष्टी विचारल्या होत्या, काम आणि प्रामाणिकपणा. तुम्ही वक्तशीर लिहिलंत. चोरही वक्तशीर असतात.

तुमची चार वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. जोड सैल झाला. अक्षरं जातात. गैरसमज झाला. लिहायचं राहून गेलं. काय सुंदर व्याकरण आहे! सगळं आपोआप घडलं, माणूस कुठेच नाही. जोड बिचारा एके दिवशी उठला आणि सैल झाला. अक्षरं फिरायला गेली. आणि त्या शनिवारी? त्या शनिवारी तुम्ही काय म्हणालात? "हिने पळवले." हि-ने. माझ्या वेळी वाक्यात 'ने' होता, मामा! करणारी होती, बोट होतं, बोटासमोर मी होते. तुमची वेळ आली आणि तुमच्या भाषेतून 'ने' नाहीसा झाला. मी इतिहास वाचते, वर्तमानपत्रं वाचते, चौकातली भाषणं ऐकते. सगळीकडे हेच व्याकरण. गरिबाने चोरी केली, कामगाराने संप केला, बाईने घर मोडलं. आणि मोठ्यांच्या बाबतीत? पूल कोसळला. चूक घडली. निर्णय घेतला गेला. दोनशे पानी अहवालात एकसुद्धा 'मी' नसतो. ही भाषा मी तुमच्याकडून ऐकून घेणार नाही. ज्याने मला शिकवलं की कुठल्याही आवाजाला उगम असतोच, त्याच्याकडून तर मुळीच नाही.

मला 'मी'ने सुरू होणारी तीन वाक्यं हवीत. मी अक्षरं पुसली. मी जोड तोडला. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. आणि ती मला कागदावर नकोत, मी तर सगळं जाणतेच. जिथे बोट दाखवलंत तिथे उभं राहून, ज्यांच्यासमोर दाखवलंत त्यांच्यासमोर म्हणा. तिघांसमोर. आळ भर दुकानात घ्यायचा आणि माफी मात्र घरात मागायची, हे चालणार नाही.

त्यानंतर नाट्यगृहाला पत्र पाठवायचं असेल तर थेट पाठवा. नाही पाठवलंत तर जागा जाईल. मला ती जागा मनापासून हवी आहे. इथल्या तळघरात अकरा अॅम्प्लिफायर धूळ खात पडलेत, आणि सध्या मी लिफ्टच्या कंपनीत दिवसभर बटणं बदलते. पण अर्धं पत्र घेऊन मी ती किल्ली हातात धरणार नाही. बटणं बदलीन.

भाची


२ ऑगस्ट

पोरी,

नाट्यगृहाचं पत्र पोचतं होईल, रजिस्टरने गेलं आहे. नक्कल सोबत आहे, बघ.

मी हे पत्र रागात लिहितो आहे. माझ्या दुकानात मला कोणी उभं केलं नव्हतं, ते तू केलंस. पण लिहितो.

काल शनिवार. डॉक्टरांना आणि शिंप्याला अकराला बोलावून घेतलं. टेबलाच्या पुढे आलो. मागे उभं राहून बोलायला बरं पडलं असतं, पण त्या दिवशी मी पुढे होतो. तिन्ही वाक्यं म्हणालो. तुझ्याच क्रमाने.

डॉक्टर एकदम उठले. "म्हणजे माझ्या व्हॉल्व्हवरचं नाव तुम्ही पुसलंत?" एवढंच. तुझ्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मी म्हणालो, "डॉक्टर, मी एका माणसाचं नाव पुसलं, ते ऐकलंत का?" तर म्हणतात, "हो, ते वाईटच झालं, पण ती अक्षरं परत छापून मिळतील का?"

शिंपी म्हणाला, "मी तर तेव्हाच म्हणालो होतो, ती तसली नाही."

"कोणाला म्हणाला होतास?"

"मनात."

 माझं तरी कुठे तोंड होतं बोलायला!

राहिल्या त्या उंच बाई. त्या दुकानात पुन्हा आल्याच नाहीत. वहीतून पत्ता काढला. नदीपलीकडे, चौथा मजला, लिफ्ट बंद. तुझ्या कंपनीची असेल. वर पोचलो तेव्हा धाप लागली होती. दार उघडलं. मी म्हणालो, "त्या दिवशी मी भाचीबद्दल बोललो ते खोटं होतं."

"कुठली भाची?"

त्यांना काहीही आठवत नव्हतं. दुकान आठवत होतं, टेपरेकॉर्डर आठवत होता, तू नाहीस. मग मला पहिल्यापासून सांगावं लागलं. मला एक भाची आहे, ती माझ्याकडे चौदा वर्षं होती, मी तुमच्यासमोर तिला चोर म्हणालो. ज्या बाईच्या डोक्यात तू चोर नव्हतीस, तिला आधी तू चोर असल्याचं सांगितलं, आणि मग नसल्याचं. त्या चौकटीत टेकून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "पण मग तुम्ही असं म्हणालातच का?"

हा प्रश्न तू एकाही पत्रात विचारला नाहीस. डॉक्टरांनी नाही, शिंप्याने नाही, मामीनेही नाही. तुम्हा सगळ्यांना उत्तर माहीत असावं.

मी म्हणालो, "यंत्रावर शेवटचा हात माझा होता. ते मला त्याच क्षणी माहीत होतं. आणि समोर लोक होते."

त्या म्हणाल्या, "बरं." आणि दार लावलं.

मामा


१० ऑगस्ट

मामा,

जागा मिळाली. व्यवस्थापकांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'मी तिच्यावर खोटा आळ घेतला होता' या ओळीशी थांबले आणि म्हणाले, "असं पत्र आमच्याकडे आजवर आलेलं नाही. हे खरंच त्यांनी लिहिलंय?" मी म्हटलं, "कागद उलटा करून बघा." त्या ओळीत पेन इतकं दाबलं गेलंय की मागून हाताला लागतं. कपाटाची किल्ली त्याच दिवशी मिळाली.

काल पहिला अॅम्प्लिफायर उघडला, आधी आवाजाला नाव देऊन. एकसारखा घूं होता.

दुकानात परत येणार नाही. मामीला सांगा, दिवाणखान्यातली माझी पुस्तकं तिच्याकडेच राहू देत.

राग अजून आहे. जाईल तेव्हा कळवीन. तोवर विचारू नका.

भाची